करार आधीचा, कायदा नंतरचा: घटना कुठे आडवी येते आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुंबईत वडिलोपार्जित इमारत. वरच्या मजल्यांवर 1960 च्या दशकातले भाडेकरू, करार लेखी, भाडं तेव्हाचं. तळमजला एका मोठ्या कंपनीकडे, तोही जुन्याच भाड्यात. प्रश्नकर्ते विचारतात: ‘दोन पक्षांनी राजीखुशीने केलेल्या कराराच्या अटी विधिमंडळ मागाहून बदलू शकतं का? घटनेत याला मनाई नाही का? असा कायदा कोर्टात पाडता येतो का?’

सरळ उत्तर आधी देतो. बदलू शकतं. ‘सरकारने आमचा करार मोडला’ एवढ्या एका मुद्द्यावर आपल्याकडे कायदा पडत नाही. असे कायदे पडले आहेत, पण कोर्टाने तिथे वेगळंच काही तपासलं. कायदा येण्याआधीच जो पैसा किंवा हक्क पक्का झाला होता तो हिरावला गेला का? हिरावला तर गेला कुणाच्या पदरात? आणि ज्या परिस्थितीसाठी कायदा केला ती आज शिल्लक आहे का? तुमच्या प्रकरणाचं भवितव्य या तीन गोष्टींवर ठरेल. करारावरच्या सह्या किती पक्क्या आहेत यावर नाही.

पुष्कळांच्या डोक्यात अमेरिकेची घटना असते. तिच्या पहिल्याच अनुच्छेदात, दहाव्या कलमात, करारांची बंधनं ढिली करणारा कायदा कोणत्याही घटकराज्याने करू नये असं स्पष्ट लिहिलं आहे. आपल्या घटनेत असं कलम नाही. आणि तिथेही त्या कलमाची धार 1934 सालीच बोथट झाली. महामंदीत मिनेसोटा राज्याने गहाण घरांच्या जप्तीची मुदत लांबवणारा कायदा केला आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो पाच विरुद्ध चार मतांनी टिकवला. तेव्हा परदेशी निवाड्यांची चळत याचिकेला जोडून फार काही हाती लागत नाही.

आपल्याकडे उलट करार हा विषयच सातव्या अनुसूचीतल्या समवर्ती सूचीत आहे, नोंद 7. शेतजमिनीचे करार त्यातून वगळले आहेत, कारण जमीन आणि जमीनमालक-कूळ संबंध राज्यांच्या सूचीत जातात. सावकारी आणि शेतकऱ्यांचा कर्जबाजारीपणा हाही राज्याचाच विषय. इथे एक जागा तपासण्यासारखी असते. राज्याने समवर्ती विषयावर कायदा केला आणि तो केंद्राच्या कायद्याशी भिडत असेल, तर त्याला राष्ट्रपतींची संमती हवी. ती नसेल तर मूलभूत हक्कांपर्यंत जायचीही गरज पडत नाही. छावणी भागात इमारत असेल, म्हणजे पुण्यात कॅम्प, खडकी किंवा नाशिकजवळ देवळाली, तर घरभाड्याचा विषय केंद्राच्या सूचीत जातो. राज्याचा भाडेकायदा तिथे केंद्राच्या 1957 च्या कायद्यातून आलेला असतो. तुमची इमारत छावणीत नाही, त्यामुळे हे सोडून देऊ.

महाराष्ट्राला तर करारात हात घालणाऱ्या कायद्यांची जुनी सवय आहे. 12 मे 1875 रोजी सुप्याच्या बाजारात सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले गेले, दंगे पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, आणि त्यातून 1879 चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. त्याने न्यायाधीशाला सांगितलं: रोख्यावर काय लिहिलंय तिथे थांबू नकोस, पहिल्यापासूनचा व्यवहार उकल, मुद्दल वेगळं काढ, व्याज वेगळं काढ. दामदुपटीचा नियम आपल्या भागात आधीपासून होताच, व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही. म्हणजे अंगठा उठवलेला कागद अंतिम, ही समजूत इथल्या कोर्टांनी जवळपास दीडशे वर्षांपूर्वीच सोडून दिली.

त्याच वाटेवर पुढे 1975 चा महाराष्ट्र कर्जमुक्ती कायदा आला. अल्पभूधारक शेतकरी, ग्रामीण कारागीर, शेतमजूर, ठरावीक उत्पन्नाखालचे कामगार यांची खासगी सावकारांकडची कर्जं त्याने थेट संपवली. कर्जाचा दावा चालणार नाही, आणि गहाण ठेवलेले दागिने, भांडी परत द्यायची. बँका, सहकारी संस्था आणि सरकारी देणी यातून वगळली. सावकार सर्वोच्च न्यायालयात गेले. फतेहचंद हिम्मतलाल विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1977, घटनापीठ. मालमत्तेचा हक्क तेव्हा मूलभूत हक्क होता, व्यवसायाचा होताच, आणि सावकारांच्या बाजूने मुद्दे कमी नव्हते. तरी कायदा टिकला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तर गावातल्या गरिबाला नाडणाऱ्या सावकारीला घटनेने जपलेला व्यापार मानायलाच नकार दिला. मला ते टोक जरा जास्त वाटतं. पण निवाड्याचा गाभा तो नाही. गाभा असा की कायद्याने कुणाला सोडवलं ते नेमकं ठरवलं होतं, सोडवण्याचं कारण समोर होतं, आणि त्यात सरकारच्या तिजोरीत एक पैसा जात नव्हता.

पुढच्याच वर्षी, पाथुम्मा प्रकरणात, केरळच्या कर्जमुक्ती कायद्यावर सात न्यायमूर्तींचं पीठ बसलं. हुकूमनाम्याच्या (डिक्रीच्या) अंमलबजावणीत लिलावात गेलेली शेतकऱ्याची जमीन, खरेदीची रक्कम परत देऊन, त्याला पुन्हा मिळू द्यायची अशी ती तरतूद. म्हणजे करार संपला, डिक्री झाली, लिलावही झाला, आणि तरीही घड्याळ मागे. तेही टिकलं. तेव्हा ‘डिक्री हातात आहे, आता कोण काय करणार’ असं कुणी सांगितलं तर पाथुम्मा प्रकरण वाचायला द्यावं.

मग कायदा पडतो कधी? याचं उत्तर आयुर्विमा महामंडळाच्या बोनसच्या भांडणात सापडतं. हे प्रकरण नीट समजून घ्या, कारण ते तीन अंकी आहे आणि तिन्ही अंक उपयोगाचे आहेत.

24 जानेवारी 1974 रोजी महामंडळ आणि तृतीय व चतुर्थ श्रेणी कर्मचारी यांच्यात समझोता झाला. पगाराच्या 15 टक्के वार्षिक रोख बोनस, कमाल मर्यादा नाही, चार वर्षांसाठी. आणीबाणीत महामंडळाने बोनस थांबवला. कर्मचारी कलकत्ता उच्च न्यायालयात गेले आणि 21 मे 1976 रोजी एका न्यायमूर्तींनी आदेश दिला: समझोत्याप्रमाणे पैसे द्या. आठ दिवसांनी, 29 मे रोजी, संसदेचा कायदा अमलात आला. समझोत्यातली बोनसची तरतूद 1 एप्रिल 1975 पासूनच गैरलागू, म्हणजे मागच्या तारखेने.

महामंडळाच्या वकिलांनी इथे एक चूक केली. कलकत्त्याच्या आदेशावर त्यांनी अपील केलं होतं. ते सुनावणीला आलं तेव्हा, आता कायदाच झालाय, अपील चालवायची गरज नाही, अशी भूमिका घेतली गेली आणि अपील निकालात निघालं. सर्वोच्च न्यायालयात, मदनमोहन पाठक विरुद्ध भारत सरकार, 1978, सात न्यायमूर्तींसमोर, हेच अंगाशी आलं. न्यायालय म्हणालं, कायदा समझोत्यात बदल करतो, उच्च न्यायालयाचा आदेश रद्द करत नाही. तो आदेश अपिलात फिरला नाही, तेव्हा तो पाळायचा. आणि पुढे जाऊन बहुमताने कायदाच घटनाबाह्य ठरवला: कर्मचाऱ्यांचं येणं हे ऋण आहे, ऋण म्हणजे मालमत्ता, ते संपवलं की त्याचा फायदा सरकारच्या मालकीच्या महामंडळाला होतो, म्हणजे हे सरकारने भरपाईशिवाय मालमत्ता घेणंच झालं.

फतेहचंद आणि पाठक शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे कायद्याने खासगी येणं संपवलं. एकीकडे फायदा गरीब कर्जदाराचा, दुसरीकडे कायदा करणाऱ्याच्याच महामंडळाचा. सर्वोच्च न्यायालयाने 1968 साली मध्य प्रदेश विरुद्ध राणोजीराव शिंदे या प्रकरणात याचं बीज पेरलं होतं: सरकारने आपलीच देणी बुडवून तिजोरी भरणं हे सार्वजनिक प्रयोजन होत नाही. सरकार देणेकरी असताना सरकारच कायदा करतं तेव्हा कोर्टाची भुवई वर जाते. दोन खासगी माणसांमधल्या भांडणात ती सहसा जात नाही.

दुसरा अंक 1980 चा: 1974 चा समझोता नवा होईपर्यंत चालूच राहतो, असं न्यायालयाने ठरवलं. तिसरा अंक 1981 चा. संसदेने महामंडळाचा कायदा दुरुस्त करून कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती नियमांनी ठरवायचा अधिकार सरकारला दिला आणि नियम पुन्हा मागच्या तारखेने लावले. नाचणे प्रकरणात न्यायालयाने ही दुरुस्ती टिकवली. नियमही टिकवले, पण पुढच्या काळापुरते. 2 फेब्रुवारी 1981 पर्यंतचं जे येणं आधीच्या आदेशाने ठरलं होतं, त्याला नियम हात लावू शकत नाहीत. भविष्य विधिमंडळाचं. पिकून हाती आलेलं मात्र सहज काढून घेता येत नाही, विशेषतः कोर्टाने ते द्यायला सांगितलं असेल तर.

पाठक आणि नाचणे या दोन निवाड्यांच्या मधे घटना बदलली होती. 44 व्या दुरुस्तीने, जून 1979 पासून, मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून गेला आणि अनुच्छेद 300-अ मध्ये आला. पाठक प्रकरणाचा मुख्य आधार, अनुच्छेद 31, आता नाही. मग करारातून मिळालेल्या हक्कासाठी उरलं काय? समानतेचा अनुच्छेद 14 उरला: वर्गीकरण पोकळ असेल किंवा कायदा उघडउघड मनमानी असेल तर. अनुच्छेद 19 मधलं व्यवसायाचं स्वातंत्र्य, वाजवी बंधनांसह. आणि 300-अ: सर्वोच्च न्यायालयाने 2011 च्या के. टी. प्लांटेशन निवाड्यात म्हटलं की कायद्याशिवाय मालमत्ता घेता येत नाही एवढंच त्यात नाही, सार्वजनिक प्रयोजन आणि भरपाईचा विचार त्या कलमात अध्याहृत आहे. फक्त 300-अ साठी थेट दिल्लीला, अनुच्छेद 32 खाली, जाता येत नाही. आपला रस्ता उच्च न्यायालयाचा.

आता तुमच्या इमारतीकडे. मुंबईचा 1947 चा भाडेकायदा प्रमाणभूत भाडं, म्हणजे घेता येणारं कमाल भाडं, 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीला बांधायचा. नंतर दिलेल्या जागेचं, पहिल्यांदा दिली तेव्हाचं. युद्धानंतरची घरटंचाई, फाळणीचे निर्वासित, तेव्हा हे समजण्यासारखं होतं. पण तेच भाडं पाच दशकं चाललं. घरमालकांनी आव्हान दिलं आणि मालपे विश्वनाथ आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात, डिसेंबर 1997 मध्ये, सर्वोच्च न्यायालय म्हणालं की एके काळी वाजवी असलेल्या या तरतुदी काळाच्या ओघात मनमानी झाल्या आहेत. घरमालक जिंकले. आणि हाती काही आलं नाही, कारण जुन्या कायद्याची मुदत 31 मार्च 1998 ला संपत होती, म्हणून न्यायालयाने तरतुदी रद्द न करता नवा कायदा करायला सांगितलं. जुना कायदा आणखी काही काळ ओढला गेला आणि 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्यात वर्षाला 4 टक्के वाढ आहे. 200 रुपये भाड्यावर पहिल्या वर्षी 8 रुपये. हसू नका, कायदेशीरदृष्ट्या या 8 रुपयांना मोठी किंमत आहे. ‘भाडं कायमचं गोठलंय’ हा मालपे निवाड्याचा पाया होता, आणि नव्या कायद्याने तोच काढून घेतला. वरच्या मजल्यांसाठी घटनात्मक आव्हान आज 1997 पेक्षा कठीण आहे ते यामुळे.

याच कायद्यांमध्ये करार रातोरात उलटल्याचा याहून ठळक नमुना आहे. 1973 साली 1947 च्या कायद्यात कलम 15-अ घातलं गेलं. 1 फेब्रुवारी 1973 रोजी ज्याचं लीव्ह अँड लायसन्स चालू होतं आणि ताबा निदान एका खोलीचा होता, तो त्या दिवशी कायद्याने भाडेकरू झाला. कागदावर ‘अकरा महिने, मग खाली करीन’ असं लिहून दिलेलं, सही केलेली. दुसऱ्या दिवशी तो संरक्षित भाडेकरू. मुंबईत पुढे कित्येक वर्षं घरं रिकामी ठेवली गेली त्यामागे ही धास्ती होती. 1999 च्या कायद्याने काटा उलटा फिरवला: लायसन्स संपलं की जागा सोडायची, नाही सोडली तर दुप्पट शुल्क. पागडीचंही तसंच, जुन्या कायद्यात गुन्हा, नव्याच्या कलम 56 मध्ये कायदेशीर.

तुमच्या तळमजल्याचा मार्ग याच उलट्या फिरलेल्या काट्यात आहे. 1999 च्या कायद्याच्या कलम 3(1)(ब) ने बँका, सरकारी उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा भागभांडवल (भागधारकांनी प्रत्यक्ष भरलेलं भांडवल) असलेल्या कंपन्या यांचं भाडेसंरक्षण काढून घेतलं. त्यांनीही हाच आक्षेप घेतला होता: आम्हाला मिळालेला हक्क मागाहून कसा काढता? त्याला उत्तर आधीच तयार होतं. दिल्लीच्या भाडेकायद्यावर डी. सी. भाटिया प्रकरणात न्यायालयाने सांगितलं होतं की भाडेकरूचं संरक्षण कायद्याने दिलेलं आहे, कायदा ते परत घेऊ शकतो, त्यात पक्का झालेला हक्क नाही. सारस्वत बँकेच्या 2006 च्या निवाड्यात महाराष्ट्राची तरतूदही टिकली. बाजारभावाने भाडं भरू शकणाऱ्यांना वेगळं काढणं अनुच्छेद 14 ला धरून आहे, असं न्यायालयाने मानलं.

म्हणजे तळमजल्यासाठी तुम्हाला घटनेची गरजच नाही. कंपनीची वार्षिक विवरणपत्रं रजिस्ट्रार ऑफ कंपनीजकडून काढा आणि भरणा भागभांडवल पाहा. कंपनी तोट्यात आहे, निव्वळ मालमत्ता उणे आहे, हे सांगितलं जाईल. त्याने फरक पडत नाही. भरणा भांडवल आणि कंपनीची आजची पत या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि परिस्थिती पाहायची ती दावा दाखल होतानाची. करार मुदतीचा असेल आणि मुदत चालू असेल तर थांबावं लागेल. महिन्याची भाडेदारी असेल तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 106 खाली पंधरा दिवसांची नोटीस, मग लघुवाद न्यायालय. भाडेकायद्यातली कारणं सिद्ध करत बसायची गरज नाही.

फ्लॅटवाल्यांकडूनही असाच प्रश्न येतो, म्हणून रेरा, म्हणजे बिल्डर आणि फ्लॅट घेणारे यांच्यातल्या व्यवहारांचा कायदा, याबद्दल दोन ओळी. 1 मे 2017 पूर्वीच्या करारांनाही रेरा का, असं म्हणत बिल्डर मुंबई उच्च न्यायालयात गेले. नीलकमल रिअल्टर्स निवाडा डिसेंबर 2017 मध्ये आला. न्यायालयाने म्हटलं की कायदा आधीच्या व्यवहारांवर परिणाम करतो हे खरं, पण तो करार नव्याने लिहीत नाही. नोंदणी करताना बिल्डर नवी तारीख देऊ शकतो, पण ग्राहकाला व्याज द्यायचं ते करारातल्या जुन्या तारखेपासून, आणि ते व्याज शिक्षा नसून भरपाई आहे. बिल्डरांनी ज्या कराराचं पावित्र्य पुढे केलं, त्याच करारातली तारीख त्यांच्या विरोधात लागू झाली.

कुळकायद्याबद्दल थोडक्यात: 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने कुळं मालक झाली. 1958 साली सर्वोच्च न्यायालयाने ते टिकवलं. जमीनसुधारणेच्या कायद्यांना मूलभूत हक्कांच्या आव्हानापासून वाचवणाऱ्या अनुच्छेद 31-अ ची ढाल त्याला आहे, तिथे करारभंगाचा मुद्दा मांडण्यात वेळ घालवू नये.

ढालीवरून आठवलं. कोणताही कायदा हातात आला की सुरुवातीची कलमं पाहा. ‘अनुच्छेद 39(ब) मधल्या तत्त्वासाठी हा कायदा’ (समाजाची भौतिक साधनसंपत्ती सर्वांच्या हितासाठी वाटली जावी हे ते तत्त्व) असं जाहीर केलं असेल, तर अनुच्छेद 31-क मुळे 14 आणि 19 चे दरवाजे बंद होऊ शकतात. मुंबईच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींच्या म्हाडा कायद्यात असं कलम आहे, आणि त्यावरूनच नऊ न्यायमूर्तींचं पीठ बसलं. नोव्हेंबर 2024 च्या प्रॉपर्टी ओनर्स असोसिएशन निवाड्यात बहुमताने ठरलं की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती नव्हे. ढाल राहिली, पण तिच्याखाली काय मावतं ते आता सिद्ध करावं लागतं.

त्यानंतर ‘कोणत्याही करारात काहीही अंतर्भूत असले तरी’ हे शब्द शोधा. ते नसतील तर करार आणि कायदा दोन्ही एकत्र नांदतात असा अर्थ लावता येतो, आणि कायदा पाडण्यापेक्षा त्याचा अर्थ आपल्या बाजूने लावून घेणं कितीतरी स्वस्त पडतं. शेवटची कलमंही वाचा: निरसन आणि बचाव. 1999 च्या कायद्याने जुन्या कायद्याखालचे चालू दावे जुन्या कायद्यानेच चालवायला सांगितले. लोक हे पान उलटतच नाहीत आणि दहा वर्षं चुकीच्या कायद्यावर भांडतात.

आव्हानच द्यायचं असेल तर अनुच्छेद 226 खाली मुंबई उच्च न्यायालयात, दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठासमोर, महाधिवक्त्यांना नोटीस देऊन. लघुवाद न्यायालय कायदा रद्द करू शकत नाही, फार तर प्रश्न उच्च न्यायालयाकडे पाठवू शकतं. अंतरिम स्थगितीवर भिस्त ठेवू नका. कायदा वैध आहे असं गृहीत धरून कोर्ट सुरुवात करतं, आणि तो खोडून काढायचं ओझं तुमच्यावर. याचिकेत तुमचं वर्षनिहाय भाडं, महापालिकेचा कर, दुरुस्तीचा उपकर आणि प्रत्यक्ष दुरुस्तीखर्च यांचा तक्ता पावत्यांसह हवा. मालपे प्रकरणात वजन पडलं ते अशा वस्तुस्थितीचं. आणि वरच्या मजल्यांची 4 टक्के वाढ आजवर मागितली नसेल तर आधी ती लेखी मागा. कायद्याने दिलेली वाढ न घेता कायदा अन्यायाचा आहे म्हणून कोर्टात गेलात, तर पहिल्याच सुनावणीत खंडपीठ हाच प्रश्न विचारेल.